वाचकांचे प्रश्न : उधाणाच्या आदल्या संध्याकाळी कोंबड्या, मांजरे आणि कुत्री

गेल्या अंकात पावसाळ्यापूर्वीच्या घरदुरुस्तीविषयी लिहिताना पाळीव जनावरांचा उल्लेख मी एका ओळीत उरकला होता. त्यावर बरीच पत्रे आली आणि त्यातली काही रागाची होती. तो राग रास्त असल्यामुळे या वेळचे सगळे पान याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमचे घर खारदांडा कोळीवाड्यात तळमजल्यावर आहे. अकरा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, त्यातली एक कोंबडी सध्या खुडूक होऊन अंड्यांवर बसली आहे. उधाणाच्या दिवशी जोराचा पाऊस आला की पाणी गुडघ्यापर्यंत येते. गेल्या वर्षी पाणी शिरल्यावर कोंबड्या पकडायला गेलो, तर त्या हाती लागेनात आणि दोन वाहून गेल्या. आधीपासून काय तयारी ठेवावी?

तुमच्या पत्रातच उत्तराचा अर्धा भाग आला आहे. पाणी शिरल्यावर कोंबडी पकडता येत नाही, कारण घाबरलेली कोंबडी माणसापासून दूर आणि सर्वांत अडचणीच्या कोपऱ्यात पळते. शिवाय तिची पिसे बदकासारखी तेलकट नसतात, त्यामुळे ती भिजली की जड होते आणि गारठ्याने थोड्याच वेळात गळून जाते. म्हणून ताडपत्री, दोऱ्या, डबे यांची जमवाजमव करण्याआधी एकच गोष्ट ठरवावी, ती म्हणजे कोंबड्या उचलायच्या केव्हा. माझ्या मते त्या आदल्या संध्याकाळी दिवेलागणीनंतर उचलाव्यात. अंधारात कोंबडीला जवळजवळ दिसत नाही. दांडीवर बसलेली कोंबडी दोन्ही पंखांवर हात ठेवून अलगद उचलली, तर ती आवाजसुद्धा करत नाही. दिवसा बारा कोंबड्या धरायला तिघांना तास लागत असेल, तर रात्री एकट्या माणसाला हे काम पंधरा-वीस मिनिटांत जमते.

आता ती संध्याकाळ ओळखायची कशी? हवामान खात्याचे इशारे पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत येतात. चोवीस तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पाऊस झाला तर त्याला अतिजोरदार म्हणतात, आणि त्यापुढचा पाऊस अत्यंत जोरदार समजला जातो. मात्र मुंबईत नुसता पावसाचा आकडा पाहून चालत नाही. समुद्राला मोठी भरती असताना पर्जन्यजल वाहिन्यांतून पाणी बाहेर जात नाही आणि तेवढे तास ते शहरातच साठून राहते. दर पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी महापालिकेकडून आधीच प्रसिद्ध होते. ती यादी कापून खुराड्याजवळच्या भिंतीला चिकटवावी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे उधाण तुमच्या घरच्यांना यादीशिवायही कळते, पण लेकीसुनांनी आणि शेजाऱ्यांनी केवळ तोंडी माहितीवर विसंबू नये. माझा नियम साधा आहे. यादीतल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी नारिंगी इशारा असला, तर कोंबड्या उचलाव्यात. लाल इशारा असेल, तर भरती किती आहे हे न पाहता उचलाव्यात. चार वेळा उचलून तीन वेळा पाणी आलेच नाही, तरी त्यात काही बिघडत नाही.

कोंबड्या ठेवण्यासाठी भाजीवाल्यांकडचे प्लास्टिकचे जाळीदार क्रेट सर्वांत सोयीचे पडतात. साधारण दोन फूट लांब आणि सव्वा फूट रुंद क्रेटमध्ये चार गावठी कोंबड्या बसतात. पाचवी कोंबून बसवण्याचा मोह आवरावा, कारण दाटीत त्या थंडीने नव्हे तर उकाड्याने मरतात. वरून दुसरा क्रेट पालथा घालून सुतळीने बांधला की झाकणही होते आणि हवाही खेळती राहते. गोणपाट चालते, पण प्लास्टिकची गोणी किंवा पिशवी कधीही वापरू नये. कोंबडा वेगळ्या डालग्यात ठेवावा. खुडूक कोंबडीला अंड्यांसकट, तिच्याच गवतासह, रात्रीच्या वेळी टोपलीत हलवावे. दाणापाण्यासाठी कोंबडी रोज वीस-तीस मिनिटे अंड्यांवरून उठतेच, त्यामुळे तेवढ्या वेळात अंडी थोडी गार झाली, तरी बिघडत नाहीत. क्रेट पोटमाळ्यावर किंवा शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर ठेवताना पत्र्याच्या अगदी खाली ठेवू नयेत, कारण पाऊस थांबून ऊन पडले की तिथे भट्टी होते.

खाण्यापिण्याचा हिशेब एका कोंबडीला दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम दाणा आणि पाव लिटर पाणी असा धरावा. तुमच्या बारा जिवांना तीन दिवसांसाठी साडेचार किलो कणी-बाजरी आणि नऊ लिटर पिण्याचे पाणी लागेल. दाणा घट्ट झाकणाच्या डब्यात आणि उंचावर ठेवावा. पहिल्या रात्री क्रेटमध्ये दाणापाणी ठेवण्याची गरज नसते, कारण त्या झोपलेल्या असतात आणि सांडलेल्या पाण्याने मात्र पिसे भिजतात.

एक गोष्ट स्वतःची सांगते. २६ जुलै २००५ रोजी आम्ही कलिन्याला बैठ्या घरात राहत होतो. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दुपारीच आभाळ इतके काळोखले, की तिन्हीसांजा झाल्या असे वाटून कोंबड्या आपण होऊन खुराड्यात शिरल्या आणि मुंगसाच्या भीतीने रोज घालायची ती कडी मी सवयीने घातली. घरात पाणी शिरल्यावर आम्ही पोरांना घेऊन शेजारच्या इमारतीत चढलो. खुराड्याची आठवण झाली तेव्हा अंगणात छातीइतके पाणी होते. नऊ कोंबड्या होत्या. खुराडे उघडे असते, तर त्यातल्या काही तरी पेरूच्या झाडावर चढल्या असत्या. म्हणून सांगते, की कोंबड्या हलवणे शक्य नसेल आणि घर सोडावे लागत असेल, तर खुराड्याची कडी काढून ठेवावी. मुंगूस एखादी कोंबडी नेईल, कडी घातलेली राहिली तर सगळ्याच जातील. हाच नियम साखळीला बांधलेल्या कुत्र्याला आणि पिंजऱ्यातल्या सशालाही लागू आहे.

प्रश्न : आमच्या बंगल्याच्या गच्चीवर पत्र्याचे खुराडे आहे. पाणी येण्याची भीती नाही, पण तौक्ते वादळाच्या वेळी एक पत्रा उडून शेजाऱ्यांच्या गाडीवर पडला होता. खुराडे कसे बांधावे?

उडालेला पत्रा शेजाऱ्याच्या गाडीऐवजी शेजाऱ्यावर पडला असता, तर हा प्रश्न कोंबड्यांपुरता राहिला नसता, हे आधी मनात ठेवावे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते मुंबईच्या पश्चिमेकडून समुद्रातून पुढे गेले तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला. एवढ्या वाऱ्यात पत्रा वरून दाबला जात नाही, तर त्याच्या खाली वारा शिरतो आणि तो वर उचलला जातो. म्हणून पत्र्यावर विटा आणि दगड ठेवणे हा उपाय तर नाहीच, उलट धोका आहे, कारण पत्र्याबरोबर विटाही उडतात. पत्रा वाशांना वॉशर लावलेल्या जे-हुकांनी आवळावा, आणि वासे गच्चीच्या कठड्याला किंवा कोब्यात बसवलेल्या कड्यांना तारेने बांधावेत.

वाऱ्याच्या दिशेबाबत लोकांची एक चूक होते. पावसाळ्यात मुंबईत वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून खुराड्याची उघडी बाजू ईशान्येला ठेवतात. पावसाळ्यापुरते ते बरोबर आहे. पण आपल्या पश्चिमेकडून उत्तरेला सरकणाऱ्या चक्रीवादळात वारा आधी पूर्व-आग्नेयेकडून येतो, मग दक्षिणेकडून आणि वादळ पुढे गेले की नैऋत्येकडून, म्हणजे काही तासांत तो दिशा बदलत जातो. त्यामुळे पावसाळ्यासाठी सुरक्षित ठेवलेली बाजूच वादळाच्या सुरुवातीला वाऱ्याला सामोरी येते. वादळाची सूचना आली, की गच्चीवरच्या कोंबड्या सरळ जिन्याच्या खोलीत किंवा न्हाणीघरात आणाव्यात आणि रिकाम्या खुराड्याची सगळी दारे बंद करावीत. खाली वर्तमानपत्र आणि भाताचे तूस अंथरावे. खोलीत शेगडी, धूप किंवा डासांची अगरबत्ती लावू नये, कारण कोंबडीची फुप्फुसे धुराला आपल्यापेक्षा खूपच नाजूक असतात. अरबी समुद्रातली वादळे बहुधा मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे महिन्यातले तौक्ते ही दोन्ही वादळे मुंबईत पाऊस सुरू होण्याच्या नेहमीच्या तारखेआधीची, म्हणजे ११ जूनच्या आधीची होती. म्हणून ही कामे अक्षय्य तृतीयेपर्यंत उरकलेली बरी.

प्रश्न : लालबागच्या चाळीत आमची दोन मांजरे आहेत. विजांचा कडकडाट झाला की ती कपाटामागे शिरतात आणि हाताला लागत नाहीत. घाईने बाहेर पडायचे झाले तर काय करावे?

मांजराची पेटी फक्त डॉक्टरकडे जाताना माळ्यावरून काढली, तर पेटी पाहूनच मांजर पळते. पेटी आतापासून घरात उघडी ठेवावी, आत जुनी चादर घालावी आणि आठवड्यातून दोनदा मांजराला त्यातच बोंबलाचा तुकडा द्यावा. महिन्याभरात बहुतेक मांजरे तिथेच झोपू लागतात. इशाऱ्याच्या दिवशी त्यांना एका लहान खोलीत किंवा मोरीत ठेवून दार लावावे, म्हणजे शोधाशोध टळते. ऐनवेळी पेटी नसेल, तर जाड टॉवेलमध्ये गुंडाळून उशीच्या अभ्र्यात घालावे आणि अभ्र्याचे तोंड गाठीने बांधावे. सुती कापडातून त्यांना श्वास घेता येतो.

पिशवीत लसीकरणाचे कार्ड, मांजराचा तुमच्यासोबतचा एक फोटो आणि नेहमीची औषधे असावीत. मांजर गारठून तापल्यासारखे वाटले, तरी घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नये. मांजरांसाठी ती विष असून एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

प्रश्न : आमच्याकडे एक मिठू आणि माशांची काचपेटी आहे. वीज गेल्यावर मासे किती वेळ तग धरतात?

वीज गेल्यावर माशांना खायला घालणे थांबवावे. धडधाकट मासे तीन-चार दिवस उपाशी राहू शकतात, पण खाद्य कुजून पाण्यातला प्राणवायू संपला तर काही तासांत मरतात. दर अर्ध्या-एक तासाने पेटीतलेच मगभर पाणी हातभर उंचीवरून परत ओतावे. सेलवर चालणारा छोटा पंप बाजारात मिळतो, तो एक घेऊन ठेवावा.

मिठू कोणता हे तुम्ही लिहिलेले नाही. तो आपल्याकडचा हिरवा, गळ्याला कंठी असलेला पोपट असेल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो घरी पाळता येत नाही. वादळ येण्याची वाट न पाहता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर बोलावे.

प्रश्न : पाणी भरल्यावर आम्हाला महापालिकेच्या शाळेत हलवतात. तिथे मागच्या वेळी कुत्र्याला आत घेतले नाही, म्हणून माझे वडील त्याच्यासोबत घरीच थांबले. असे पुन्हा होऊ नये म्हणून काय करता येईल?

तुमच्या वडिलांसारखी माणसे जगात सगळीकडे असतात. २००५ मध्येच, आपल्या २६ जुलैनंतर महिन्याभराने, अमेरिकेत कॅटरिना वादळ आले तेव्हा जनावरांना सोडून जायचे नाही म्हणून अनेकांनी घर सोडले नाही. त्यानंतर २००६ मध्ये तिथे आपत्तीच्या योजनांत पाळीव जनावरांचाही विचार करावा असा कायदा झाला. म्हणजे कुत्र्याची सोय नसणे हा लाडाकोडाचा प्रश्न नसून माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि विभाग कार्यालयात निवेदन देताना तो याच शब्दांत मांडावा. कोणत्या शाळेत निवारा उघडतो आणि तिथली पडवी किंवा जिन्याखालची जागा जनावरांना देता येईल का, हे मे महिन्यात लेखी विचारावे. पाणी भरल्यावर दारातल्या शिपायाशी वाद घालून काही निष्पन्न होत नाही, कारण निर्णय त्याच्या हातात नसतो.

तरीही एवढ्यावर विसंबू नये. दुसऱ्या किंवा त्यावरच्या मजल्यावर राहणारे एखादे नातेवाईक किंवा स्नेही आधीच ठरवून ठेवावेत आणि ते रुळांच्या तुमच्याच बाजूचे असावेत, कारण भुयारी मार्ग सर्वांत आधी बुडतात. पशुवैद्यही त्याच बाजूचे पाहून ठेवावेत. परळचे बाई साकरबाई रुग्णालय कितीही जुने आणि मोठे असले, तरी दादरकडून तिथे पोहोचायला हिंदमाता हा पाणी तुंबणारा सखल भाग ओलांडावा लागतो, आणि हिंदमात्याची गत मुंबईकरांना वेगळी सांगायला नको. कुत्र्याला अनोळखी माणसांत नेताना रेबीजच्या लशीचे कार्ड आणि महापालिकेचा परवाना सोबत असला, तर दारे लवकर उघडतात. स्वभावाने कितीही गरीब असला, तरी त्याला तोंडाला जाळी लावण्याची सवय करावी. भेदरलेला कुत्रा मालकालाही चावतो.

प्रश्न : पाणी ओसरल्यावर कोंबड्यांची अंडी आणि भिजलेला दाणा वापरता येतो का? कुत्रा त्या पाण्यातून चालून आला आहे, त्याला काय करावे?

पुराचे पाणी लागलेली अंडी धुऊनही खाऊ नयेत. कवचाला सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्या पाण्यात गटारही मिसळलेले असते. भिजलेला दाणा उन्हात वाळवून घालण्याचा विचार मनात येतो, तोही सोडून द्यावा. दमट दाण्यावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते आणि तिच्यातले विष दाणा वाळवल्याने जात नाही. बुडून किंवा गारठून मेलेली कोंबडी शिजवू नये. हे लिहावे लागते, कारण तसे करणारी घरे मी पाहिली आहेत. मेलेले जनावर उचलण्यासाठी १९१६ वर कळवावे. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मरू लागल्या, माना वाकड्या होऊ लागल्या किंवा डोके सुजून निळसर दिसू लागले, तर त्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर फोन करावा. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस पावसाआधीच दिलेली असावी, मानमोडी सुरू झाल्यावर ती देऊन उपयोग होत नाही.

खुराड्यातले ओले तूस पूर्ण काढावे, जमीन खरवडून चुना भुरभुरावा आणि नीट कोरडी झाल्यावरच नवे तूस घालावे. ओल्या तुसातून दोन गोष्टी उद्भवतात. एक म्हणजे डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास. वाकून नाक खुराड्याच्या जाळीजवळ नेल्यावर तुमचे डोळे चुरचुरले, तर कोंबड्यांचे रात्रभर काय होत असेल ते कळेल. दुसरी म्हणजे पिल्लांची रक्ती हगवण. तिचे जंतू दमट उबेत एक-दोन दिवसांत रोग पसरवण्याजोगे होतात. विष्ठेत रक्त दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यांना विचारावे.

कुत्र्याच्या बाबतीत मुख्य भीती लेप्टोस्पायरोसिसची आहे. उंदराच्या मुतातले हे जंतू साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे आणि डोळ्या-तोंडाच्या नाजूक त्वचेवाटे शरीरात शिरतात. कुत्रा घरी आला की स्वच्छ पाण्याने आणि साबणाने त्याचे पाय व पोट धुवावे आणि बोटांमधली जागा कोरडी करावी. अंग चाटण्याआधी हे करणे महत्त्वाचे आहे. पुढच्या दोन आठवड्यांत ताप, उलट्या, खाणे सोडणे, डोळे पिवळे पडणे किंवा लघवी गडद होणे यांपैकी काहीही दिसले, तर थांबू नये. त्याची लघवी पुसताना हातमोजे घालावेत, कारण हा आजार माणसालाही होतो. तुम्ही स्वतः पाण्यातून चालला असाल, तर बहात्तर तासांच्या आत आपल्या डॉक्टरांना प्रतिबंधक गोळीविषयी विचारावे, पण ती गोळी कुत्र्याला आपल्या मनाने देऊ नये. कुत्र्यांच्या लशीत लेप्टोचा समावेश असतो. पहिल्या वर्षी तिचे दोन डोस काही आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात, म्हणून एप्रिलमध्ये सुरुवात करावी.

पाणी असताना कुत्र्याला फिरवायला नेऊच नये. दिव्याच्या खांबातून वीज पाण्यात उतरते, झाकण निघालेले गटार दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात प्रभादेवीला अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला. एक-दोन दिवस कुत्र्याने जिन्यात घाण केली तर ती धुता येते.

प्रश्न : आम्ही दोघे नोकरी करतो. गाड्या बंद पडल्या तर रात्रभर कार्यालयातच अडकतो, आणि कुत्रा बोरिवलीला घरात एकटा असतो. कितीही तयारी केली, तरी तयारी करणाराच घरी नसेल तर काय उपयोग?

२६ जुलैला असंख्य मुंबईकर घरी पोहोचलेच नाहीत, त्यामुळे तुमची शंका अगदी योग्य आहे. तुमच्या मजल्यावरचे एक आणि वेगळ्या मजल्यावरचे एक, अशा दोन घरांत किल्ली ठेवावी. त्यातल्या निदान एका घरात दिवसा कोणीतरी असायला हवे. सेवानिवृत्त काका-काकू असतील, तर फारच उत्तम. त्यांची आणि कुत्र्याची ओळख बिस्किटापुरती न ठेवता, तुम्ही घरी नसताना त्यांनी दोन-चारदा आत येऊन त्याला पट्टा लावून जिन्यापर्यंत नेऊन आणावे. मालक नसताना घरात शिरणाऱ्या ओळखीच्या माणसावरही कुत्रे गुरगुरते, आणि हे पाणी चढल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. नारिंगी इशाऱ्याच्या दिवशी सकाळी निघताना पाण्याची दोन जड भांडी भरून ठेवावीत. पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे एक लिटर पाणी लागते. त्याला साखळीने बांधू नये, बाल्कनीत ठेवू नये.

दाराच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी लावावी. त्यात कुत्र्याचे नाव, तो कोणत्या हाकेला येतो, घाबरल्यावर कुठे लपतो, पट्टा कोठे टांगला आहे, औषध कोणते, पशुवैद्यांचा क्रमांक, विजेचा मुख्य खटका कुठे आहे, आणि घरात एकूण जनावरे किती आहेत, एवढे लिहावे. शेवटचा आकडा विसरू नका, कारण शेजारी कुत्रा घेऊन निघतात आणि पलंगाखालचे मांजर मागे राहते. ही चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, शाई ओल लागली की पसरते.